धावणाऱ्याच्या पायात काय?

पायात काय घालून धावायचे, हा प्रश्न आमच्या पिढीला कधी पडलाच नाही, कारण घालायला काही नव्हतेच. साठच्या दशकातल्या अमडापुरात पोराला वहाण मिळायची ती वर्षातून एकदा. तीही वाढत्या पायाच्या मापाने, म्हणजे पुढे दोन बोटे मोकळी ठेवून. ती फटक-फटक वाजणारी वहाण घालून चालता यायचे, पळता यायचे नाही. पळायची वेळ आली की वहाणा हातात. बल्लाळदेवीच्या देवळापर्यंत कोण आधी पोचतो, अशी आमची शर्यत लागायची. सराटे आणि बाभळीचे काटे बाजूला बसून काढायचे. त्यासाठी प्रत्येकाच्या करदोट्याला एक पिन असायची. तालुक्याच्या क्रीडास्पर्धेतही फक्कीच्या रेघेवर उभी असलेली बहुतेक मुले अनवाणीच असत, आणि लिंबाच्या झाडाखाली वहाणांचा ढीग.

पुढे मी शिक्षक झालो तेव्हा पांढरे कॅनव्हासचे बूट आले. शनिवारी कवायतीचा गणवेश. शुक्रवारी रात्री घरोघरी भिजवलेला खडू बुटाला फासून ते चुलीजवळ वाळत ठेवलेले असत. त्या बुटाचा तळ म्हणजे एक रबरी पट्टी. पायाला जमीन जशीच्या तशी कळायची, फक्त काटा टोचायचा नाही. त्यालाच आम्ही 'स्पोर्ट्सचा बूट' म्हणत असू.

हे सगळे आठवायचे कारण वेगळे आहे. काही महिन्यांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता तोच पन्नाशीला टेकलाय, शेती करतो. सोबत मुलगी. पोलीस भरतीची तयारी करतेय. आमच्या भागातल्या वाचकांना सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या आणि परदेशातल्या नातेवाइकांसाठी सांगतो. पहाटे साडेचार-पाचला चिखली-खामगाव रस्त्यावर आलात तर अंधारात पावलांचे आवाज ऐकू येतील. ती सगळी भरतीची पोरे. शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. ५० पैकी २० गुण त्या एका धावण्याचे. एकेका गुणावर नोकरी अडते हे सगळ्यांना माहीत आहे.

विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, हे पोरगी बुटासाठी अडून बसली. सतरा हजाराचा बूट असते काय कुठं?"

मुलीने मोबाइल पुढे केला. बूट कसला, होडीच ती! तळवा चांगला दोन बोटे जाड, मागे निमुळता, पुढे वर उचललेला. "आबा, मोठे खेळाडू हाच घालतात. आत कार्बनची पट्टी असते. अन् माझी नडगी दुखते, तिलेही बरं पडेल," ती म्हणाली. सतरा हजार म्हणजे २०२५-२६ च्या ५३२८ रुपये हमीभावाने तीन क्विंटलहून जास्त सोयाबीन, आणि हमीभाव हातात पडतोच असे नाही. बापाने हप्त्यावर घ्यायची तयारी दाखवली होती. फक्त "गुरुजी हो म्हणाले तर" अशी अट घातली होती.

मी धावपटू नव्हे आणि बुटांचा व्यापारीही नव्हे. इतिहास आणि मराठी शिकवण्यात हयात गेली. पण मनुष्य नवीन वस्तूसाठी कर्ज काढायला निघाला की ती वस्तू कुठून आली आणि कशासाठी झाली हे आधी पाहावे, एवढे मला इतिहासाने शिकवले आहे. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत जे वाचले आणि पूर्वी वाचलेले जे आठवले, ते इथे मांडतो.

सुरुवात आपल्याच पुण्यापासून होते, याचा मला आनंद आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्षपद पुढे सर दोराबजी टाटांकडे आले. तिथल्या स्पर्धा पाहायला ते गेले तेव्हा त्यांना दिसले की धावणारी मुले बहुतेक शेतकऱ्यांची आहेत, धावण्याचे शास्त्र त्यांना कोणी शिकवलेले नाही आणि ती अनवाणी धावतात. तरीही त्यांची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या फार मागे नव्हती. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते आणि १९२० च्या ऑलिंपिकची तयारी अँटवर्पला चालू होती. दोराबजींनी ठरवले, आपलीही मुले पाठवायची. सरकारी क्रीडाखाते वगैरे काही नव्हते, पुष्कळसा खर्च त्यांनी स्वतःच्या खिशातून केला. अशा रीतीने भारताचा पहिला संघ ऑलिंपिकला गेला.

त्या संघात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. २२ ऑगस्ट १९२० ला ते मॅरेथॉन धावले. तेव्हा अंतर आजच्यासारखे पक्के ठरलेले नव्हते. अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त होती. फिनलंडचा हॅनेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटांत पहिला आला. आमचे चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत १९ वे. सोबत गेलेले सदाशिव दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. बेळगावच्या मातीत अनवाणी वाढलेला माणूस जहाजाने महासागर ओलांडून जातो आणि जगात १९ वा येतो! आमच्या शालेय पुस्तकात हे नाव नव्हते. खाशाबा जाधवांचे नाव तरी अलीकडे मुलांना माहीत असते, चौगुल्यांचे विचारून पाहा.

अनवाणी पायांच्या कथा आपल्याला फार आवडतात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपला फुटबॉल संघ फ्रान्सशी १-२ असा थोडक्यात हरला, तेव्हा आपले बहुतेक खेळाडू बुटाविना खेळले, आणि त्याचे कौतुक आजही होते. त्याच हट्टाने १९५२ ला हेलसिंकीच्या थंडीत उतरलो आणि युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल चढवले. याचे कौतुक कोणी करत नाही. त्यानंतर मात्र बूट सक्तीचे झाले.

अबेबे बिकिलाचेही तेच. इथिओपियाचा हा सैनिक १९६० ला रोमच्या दगडी रस्त्यांवर अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत मॅरेथॉन जिंकला. त्याचा तो फोटो जगभर गेला. पण तो तत्त्व म्हणून अनवाणी धावला नव्हता. तिथे मिळालेले बूट त्याला नीट बसेनात, आणि सराव अनवाणी झालेला होता, म्हणून तसाच उतरला. १९६४ ला टोकियोत तोच बिकिला बूट-मोजे घालून धावला, तेही अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी, आणि २ तास १२ मिनिटे ११ सेकंदांत पुन्हा जिंकला. आधीपेक्षा तीन मिनिटांनी लवकर. बुटामुळेच लवकर असे कोणी म्हणणार नाही, पण बुटाने त्याला अडवले नाही एवढे नक्की. हा दुसरा फोटो फारसा कोणी भिंतीवर लावत नाही.

आपल्याकडे शिवनाथ सिंग होऊन गेले. बिहारचे, सैन्यातले, अनवाणी धावण्यासाठी प्रसिद्ध. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनला ११ वे आले. १९७८ ला जालंधरला २ तास १२ मिनिटांत धावले आणि तो भारतीय विक्रम चाळीस वर्षांहून अधिक काळ कोणाला मोडता आला नाही. बुटांमध्ये एवढी क्रांती होऊनही! हे मी त्या मुलीला मुद्दाम सांगितले.

पण मला एक गोष्ट खटकते. अनवाणी पायाची आरती ओवाळणारे स्वतः सहसा बूट घालून बसलेले असतात. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत लांब अंतराच्या धावण्याकडे वळली याचे एक कारण असे, की त्याला पैसे लागत नव्हते, अनवाणी धावता येत होते. तिने २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्यपदक मिळवले आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. मिळवले ते बूट घालूनच. आणि लता भगवान करे तर मूळच्या आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या. मजुरीसाठी कुटुंब बारामतीकडे गेलेले. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नाहीत म्हणून साठी ओलांडलेली ही बाई नऊवारी खोचून ज्येष्ठांच्या मॅरेथॉनमध्ये अनवाणी धावली आणि पहिली आली. त्यांच्यावर २०२० साली चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले, आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. लोक टाळ्या वाजवतात. माझ्या डोळ्यांपुढे मात्र दवाखान्याचे बिल येते. अनवाणीपणा ही तिथे आवड नव्हती, गरज होती.

असो. आता बुटाकडे वळू.

धावण्याचा बूट म्हणून खास वस्तू बनवायला इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरुवात झाली. बोल्टन गावचा जोसेफ फॉस्टर खिळ्यांचे बूट करी. पुढे जर्मनीत डास्लर बंधू आले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जेसी ओवेन्सच्या पायात त्यांचेच बूट होते. मग भाऊ भाऊ भांडले, आणि एका गावात नदीच्या दोन बाजूंना दोन कंपन्या उभ्या राहिल्या, आदिदास आणि पुमा. भाऊबंदकी फक्त आपल्याकडेच असते असे समजू नये. जपानमध्ये किहाचिरो ओनित्सुका याने १९४९ ला कोबे शहरात कारखाना काढला. काकडीच्या कोशिंबिरीतल्या ऑक्टोपसच्या तुकड्यावरची चोषके पाहून त्याला बास्केटबॉलच्या बुटाचा तळ सुचला. हाच ओनित्सुका १९६१ ला जपानात आलेल्या बिकिलाला भेटून 'बूट घालून पाहा' म्हणून गळ घालत होता. त्याची कंपनी पुढे अ‍ॅसिक्स झाली.

अमेरिकेत ओनित्सुकाचेच बूट आणून विकणारी एक छोटी कंपनी १९६४ ला निघाली. फिल नाइट आणि त्याचा प्रशिक्षक बिल बोवरमन असे दोन भागीदार. बोवरमनने १९७१ ला बायकोच्या वॉफलच्या साच्यात, म्हणजे आपल्या आप्पेपात्राचा चौकोनी भाऊ समजा, रबरासारखे रसायन ओतले. साचा कायमचा वाया गेला. पण हलका आणि पकड असलेला तळ हाती आला. ती कंपनी म्हणजे नायके. (बायको काय म्हणाली हे शोधण्याचा मला मोह झाला होता.)

या काळात अमेरिकेत साध्या माणसांना धावण्याचे वेड लागले. कारकून, डॉक्टर, गृहिणी रस्त्यावर उतरले. त्यांचे पाय शेतात घडलेले नव्हते आणि रस्ते डांबर-काँक्रीटचे. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार जमिनीवर पडतो. टाच, गुडघे, नडग्या बोलू लागल्या. तेव्हा सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ईव्हीए नावाचा फेस बुटाच्या तळात आला. हलका, आत हवेच्या बारीक बंद कप्प्यांची जाळी, ढोकळ्यासारखा. मग १९७८-७९ ला हवेच्या पिशव्या, १९८६ ला जेलच्या गाद्या. ज्याला आज दुकानदार 'कुशन' म्हणतो ते हे.

इथून बुटांच्या दोन जाती झाल्या, आणि आमच्या पोरीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे. रोजच्या सरावाचा बूट जाड, मऊ, टिकाऊ, साधारण ३०० ग्रॅमचा. शर्यतीचा बूट पातळ, हलका, जवळजवळ कागदी. कारण सरळ आहे. पायाच्या टोकाला बांधलेले वजन प्रत्येक पावलाला उचलावे लागते. एका बुटामागे १०० ग्रॅम वाढले तर धावायला सुमारे एक टक्का जास्त शक्ती लागते, असे मोजलेले आहे. सहा दिवस पायाची काळजी घ्यायची आणि सातव्या दिवशी वेळेची. बैलजोडीला रोज रेंगी आणि शंकरपटाला हलका छकडा, तसेच.

फेसाचा बूट म्हाताराही होतो, हे पुष्कळांना कळत नाही. वरून नवा दिसतो, पण पाच-आठशे किलोमीटरनंतर आतले कप्पे दबून मरतात. कापसाची गादी दबली तर पिंजारी ती पुन्हा पिंजून देई. बुटाच्या फेसाला पिंजारी नाही. मुलीला तिचे जुने बूट आणायला सांगितले. चुलतभावाने भरतीसाठी वापरलेले, मग तिच्याकडे आलेले, नामांकित कंपनीची नक्कल असलेले. तळ अंगठ्याने दाबला तर दगड. वर्षभर ती त्यावर डांबरी रस्त्याने धावत होती, आणि भरती जवळ येतेय म्हणून अंतर एकदम दुप्पट केलेले. नडगी दुखणार नाही तर काय!

मध्यंतरी उलटी लाटही येऊन गेली. २००९ ला अमेरिकेत एक पुस्तक गाजले, त्यात मेक्सिकोतल्या साध्या वहाणा घालून धावणाऱ्या तराहुमारा लोकांचे वर्णन होते. २०१० ला हार्वर्डच्या डॅनियल लीबरमनने दाखवले की अनवाणी वाढलेले केनियातले धावपटू टाचेवर न आदळता चवड्यावर उतरतात, त्यामुळे तो पहिला हादरा बसत नाही. झाले! बूट वाईट, अनवाणी चांगले, असा गलका झाला. हातमोज्यासारखे पाच बोटांचे बूट विकले गेले. जन्मभर बुटात राहिलेली शहरी माणसे एका आठवड्यात चवड्यावर धावायला गेली आणि पायाची हाडे दुखवून बसली. त्या पाच बोटांच्या बुटाच्या कंपनीने २०१४ ला फायद्याच्या जाहिरातींबद्दलच्या दाव्यात ३७.५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. गंमत म्हणजे त्याच २००९ साली फ्रान्समध्ये होका नावाची कंपनी निघाली, तिने तळवा नेहमीपेक्षा खूपच जाड केला. आज रस्त्यावर तोच जाड तळवा दिसतो, बोटांचे बूट दिसत नाहीत.

मग आले २०१७. नायकेने व्हेपरफ्लाय नावाचा बूट काढला आणि वर सांगितलेला दोन जातींचा नियम उलटा झाला. शर्यतीचाच बूट जाड झाला! नवा फेस इतका हलका की जाडी वाढली तरी वजन वाढेना. आणि तो नुसता मऊ नाही, दाबल्यावर परत उसळतो. कोलोरॅडो विद्यापीठात १८ धावपटूंवर मोजले तेव्हा जुन्या ईव्हीएच्या बुटाने दाबाची सुमारे ६५ टक्के शक्ती परत दिली होती, या नव्याने ८७ टक्के. धावायला लागणारी शक्ती सरासरी चार टक्क्यांनी कमी. आतली कार्बनची वाकडी पट्टी एकटी जादू करत नाही. ती बोटांचा सांधा फार वाकू देत नाही आणि त्या लिबलिबीत फेसाला कणा देते. कावडीचा बांबू पाहिला असेल तुम्ही. घागरींच्या भाराने तो लवतो आणि पावलाच्या तालावर वर येतो. पण ताल चुकला तर खांदा सोलून काढतो. या बुटाचे तसेच आहे.

परिणाम काय झाला पाहा. पॉला रॅडक्लिफचा २००३ चा २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांचा महिलांचा विक्रम सोळा वर्षे कोणी मोडला नव्हता. २०१९ ला ब्रिगिड कोसगेईने २:१४:०४ केले, २०२३ ला तिगिस्त असेफाने २:११:५३. असेफाच्या पायातल्या एका बुटाचे वजन १३८ ग्रॅम आणि जोडाची किंमत ५०० डॉलर. पुरुषांत एलिउड किपचोगे १२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत धावला. वेगवान साथीदार बदलत ठेवले होते म्हणून तो अधिकृत विक्रम नव्हे, तरी दोन तासांची भिंत पडली. शेवटी ३१ जानेवारी २०२० ला जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेला नियम करावा लागला: रस्त्यावरच्या शर्यतीत तळवा ४० मिलिमीटरहून जाड नको, पट्टी एकच, आणि बूट चार महिने तरी बाजारात मिळत असला पाहिजे. धावपटूचे माप घेणारे आता बुटाचेही माप घेतात.

मुलगी म्हणाली, "म्हणजे फायदा होतेच ना आबा?"

होतो. पण कोणाला आणि कुठे? हा बूट मॅरेथॉनसाठी, डांबरी रस्त्यासाठी घडलेला. तिला धावायचे आहे ८०० मीटर, मैदानावर, वळणे घेत. ४० मिलिमीटरच्या मऊ तळव्यावर वळताना घोटा डुगडुगतो. आमच्या काळ्या मातीत तर विचारूच नका, पावसाळ्यात तो बूट चार पावलांत दोन किलोचा होईल. शिवाय तो फार दिवस टिकत नाही, आणि तिला सराव रोज करायचा आहे.

मी तिला अविनाश साबळेचे उदाहरण दिले. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले मांडवा गाव, आईबाप वीटभट्टीवर. पोरगा सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये, सियाचीनला राहून आला आणि नंतर धावपटू झाला. ६ ऑगस्ट २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंद, रौप्यपदक. सोन्यापेक्षा फक्त पाच शतांश सेकंद मागे! डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. तिथे पायात होते खिळ्यांचे बूट; अडथळे आणि पाण्याची उडी असलेल्या शर्यतीला लागतात तसे. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर याच शर्यतीत २०१६ ला रिओच्या अंतिम फेरीत पोचली आणि १० वी आली. तीच ललिता त्याआधी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिली आली होती. एकाच बाईचे पाय, पण मॅरेथॉनचा बूट वेगळा आणि स्टीपलचेसचा वेगळा. पाच शतांशाने पदकाचा रंग बदलतो तिथे बुटाचा हिशेब करावा. ज्या मुलीची वेळ अजून सरावानेच दहा-पंधरा सेकंदांनी खाली यायची आहे, तिने आधी सराव आणि पाय सांभाळावा.

पण मऊ बूट नकोच, असेही मी म्हणालो नाही. लक्झेंबर्गमध्ये ८४८ हौशी धावपटूंना मऊ आणि कडक असे दोन प्रकारचे बूट देऊन सहा महिने पाहिले. कोणाला कोणते दिले हे त्यांना सांगितले नव्हते. कडक बुटवाल्यांना दुखापती जास्त झाल्या. आणि नवल असे, की मऊ बुटाचा फायदा वजनदार माणसांपेक्षा हलक्या अंगाच्यांना जास्त दिसला. आपल्याला उलट वाटले असते. ही पोरगी जेमतेम पंचेचाळीस किलोची. तेव्हा सरावाला बेताचा मऊ, साधा, पट्टी नसलेला बूट, तीन-साडेतीन हजारांतला. चाचणीसाठी त्या दिवशीच्या नियमात बसेल असा हलका, पातळ तळाचा दुसरा जोड. तोही आधी पंधरा दिवस घालून पाहिलेला. दोन्ही मिळून सहा हजारांच्या आत. आणि नडगीसाठी आधी चिखलीला हाडांच्या डॉक्टरांकडे. तोपर्यंत डांबरी रस्ता बंद, शेताकडचा मुरमाचा रस्ता चालू. अंतर आठवड्याला थोडे थोडे वाढवायचे.

मुलीचा चेहरा उतरला. मोबाइलमधली ती होडी तिला आवडली होती, आणि आवड काही हिशेबाने जात नाही. बाप मात्र एकदम मोकळा झाला. "बरं झालं गुरुजी, हप्ता वाचला." यावर ती म्हणाली, "हप्त्याचं नाही म्हणत मी. भरती निघाली अन् एका गुणानं गेली, तर मग?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. बाप चहाचा कप फिरवत बसला.

मापाचा घोळ अजून बाकी होता. अमडापुरात असे बूट मिळत नाहीत, ऑनलाइन मागवायचे तर नंबर कोणता? विलायती मापे विलायती पायावरून घेतलेली. शेतात वाढलेला आपला पाय चवड्याला रुंद, त्यामुळे लांबी जुळते आणि करंगळी चेंगरते. मग लोक एक नंबर मोठा घेतात आणि टाच आत सरकत राहते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांची पावले मोजून 'भा' नावाची भारतीय मापपद्धती सुचवली आहे, ती यासाठीच. २०२५ ला एका इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल मिरवली तेव्हा आपण केवढे चिडलो! आपल्या पावलाचे माप मात्र इतकी वर्षे दुसऱ्यांच्या फूटपट्टीने घेत होतो, त्याबद्दल कोणी ओरडले नाही.

माझा पुतण्या पुण्यात असतो. त्याला फोन केला, तर तो म्हणाला, "काका, पायाचा आकार पाठवा, मी दुकानात नेऊन दाखवतो." आमच्या गावचे वहाणा करणारे दादा असेच करत. पोराला जमिनीवर पसरलेल्या कातड्यावर उभे करायचे आणि कोळशाने पायाभोवती रेघ मारायची. मी जुन्या कॅलेंडरचे पान उलटे करून फरशीवर ठेवले. मुलगी त्यावर उभी राहिली, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, कारण उभे राहिल्यावर पाऊल पसरते. संध्याकाळी उभी केली, कारण दिवसभरात ते थोडे फुगते. पेन्सिल सरळ धरून मी रेघ मारली. डावा पाय उजव्यापेक्षा पाच मिलिमीटर लांब निघाला. तिला हे माहीत नव्हते. माप डाव्याचे लिहिले आणि पान घडी न करता, गुंडाळी करून, दुसऱ्या दिवशी पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे दिले.